आरतीचं ताट आणि ३७चा पट

ताई, सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत प्रभारी मुख्याध्यापिका आहे. पहिली ते चौथी, पट ३७. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी सरस्वतीपूजन आणि पाटीपूजन होतं. माझ्या आधीच्या गुरुजींपासून चालत आलंय. यंदा गावचे एक गृहस्थ, आता पुण्यात मोठे बांधकाम व्यावसायिक, शाळेला तीन लाख रुपये द्यायला तयार झालेत. डिजिटल बोर्ड आणि कुंपणाची भिंत. अट एवढीच की फाटकाशेजारी त्यांच्या आईच्या नावाने सरस्वतीचं छोटं मंदिर बांधायचं आणि परिपाठाआधी मुलांनी तिथे रोज आरती म्हणायची. शाळा व्यवस्थापन समितीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तिसरीतल्या एका मुलीचे वडील शाळा सुटल्यावर आले. टेम्पो चालवतात. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. पोरीला आरतीचं ताट धरायला सांगू नका. पण मी बोललो हे कुणाला कळू देऊ नका." अध्यक्षांना मी नाव न घेता विचारून बघितलं. ते म्हणाले, "एका घरासाठी गावाने रीत मोडायची?" सहकारी गुरुजी म्हणतात, सरस्वती म्हणजे विद्या, त्यात धर्म कसला. मी स्वतः देवाधर्माची आहे, गुरुवार करते. देवाला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही आणि त्या बापाचा चेहराही डोळ्यांसमोरून हलत नाही. दसरा महिन्यावर आलाय. काय करू?

(नाव-गाव न छापण्याच्या विनंतीसह)

*

प्रिय बाई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तुमचं नाही, त्या वडिलांचं आहे. "मी बोललो हे कुणाला कळू देऊ नका." टेम्पो चालवणारा, दिवसभर चार गावं फिरणारा मोठा माणूस. त्याला मुलीच्या शाळेत येऊन एवढीशी गोष्ट शाळा सुटल्यावर, आवाज उतरवून सांगावी लागते. मग त्याची आठ वर्षांची मुलगी सगळ्यांदेखत "बाई, मला ताट नको" म्हणेल? ती ताट धरेल. दोन्ही हातांनी नीट धरेल, निरांजन विझू देणार नाही, आणि तुम्हाला वाटेल पोरीला हौस आहे.

मला जे सांगायचं आहे ते सगळं या ताटावरच ठेवलेलं आहे. गावच्या देवळात ज्याला जायचं तो जातो, ज्याला नाही जायचं तो पाराला वळसा घालून निघून जातो. तिथे हजेरीपट नसतो. शाळेत असतो. मुलाला शाळेत यावंच लागतं, रांगेत उभं राहावं लागतं, आणि समोर ज्या बाई उभ्या असतात त्यांच्याच हातात शाबासकी असते. अशा ठिकाणी "ज्याला करायचं त्याने करा, सक्ती नाही" या शब्दांना मोठ्यांच्या जगात अर्थ असेल, तिसरीतल्या मुलीच्या जगात नाही. म्हणून सरकारी शाळेपुढे देव खरा की खोटा हा प्रश्नच येत नाही. तिथे एवढंच बघायचं की जे मूल नाही म्हणू शकत नाही, त्याला हो म्हणायला कोण लावतंय.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेत काढली, त्यातली शेवटची सहा केंद्रप्रमुख म्हणून. मधल्या काळात एका शाळेत पोषण आहाराच्या वेळी आम्ही 'वदनी कवळ घेता' म्हणायचो. ओळीने बसलेली मुलं, पुढ्यात खिचडी, डोळे मिटलेले. श्लोक झाला की जेवायला सुरुवात. चौथीत एक मुसलमान मुलगा होता, शांत, अक्षर मोत्यासारखं. तोही हात जोडून ओठ हलवायचा. एक दिवस श्लोक संपला, सगळे गप्प झाले आणि त्याचा आवाज तेवढा पुढे गेला, "...सात नव्वे त्रेसष्ट, सात दाहे सत्तर." मुलं खो खो हसली. मीही हसले, हे कबूल करते. दुपारी त्याला जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला, "बाई, पयलीपासून म्हणतो. पयले दोनचा म्हणायचो." चार वर्षं! घरी शिकवलेलंही मोडू नये आणि बाईंनाही वाईट वाटू नये म्हणून त्या पोराने एकट्याने शोधलेली ती वाट होती, आणि चार वर्षांत आमच्यापैकी कुणालाही तिचा पत्ता नव्हता. आम्ही त्याला कधी सक्ती केली नव्हती, विचारलं असतं तर सूटही दिली असती. पण सूट मागायला ते मूल पुढे येईल, असं आम्ही कशाच्या जोरावर धरून चाललो होतो? दुसऱ्या दिवसापासून श्लोक बंद केला असंही झालं नाही. माझ्यात तेवढी धमक नव्हती. पुढच्या जूनपासून जेवणाआधी स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं नाव घेऊन "मावशी, जेवतो" म्हणायची पद्धत पाडली, ती अजून चालू आहे असं ऐकते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आधी मंदिर घेऊ, कारण ते दिसतं अवघड पण आहे सोपं.

शाळेची जागा द्यायचा अधिकार तुम्हाला नाही, समितीला नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांना तर नाहीच. नमुना ८चा उतारा किंवा सातबारा काढून बघा, नाव कुणाचं आहे ते. जिल्हा परिषदेचं असो की ग्रामपंचायतीचं, जागा सार्वजनिक आहे. २९ सप्टेंबर २००९ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक ठिकाणी मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा कुठल्याही नावाने अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही, आणि ते बघायची जबाबदारी राज्यांवर आणि जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली. त्यामुळे मंदिराला "नाही" म्हणायला तुम्हाला स्वतःची छाती पुढे करायची गरज नाही. तुम्ही म्हणायचं, "जागा माझी नाही, मी देऊ शकत नाही." हे पळवाट म्हणून सांगत नाही, खरोखरच तसं आहे. प्रभारी मुख्याध्यापिकेने पंचांच्या साक्षीने कुदळ मारू दिली, तर उद्या कागद तिच्याच नावावर निघतो. टाळ्या वाजवणारे त्या दिवशी शेतात गेलेले असतात.

आरतीचं मात्र तसं नाही. तिथे जागेचा नियम कामाला येत नाही, तिथे संविधानच उघडावं लागतं. अनुच्छेद २८. त्याचं पहिलं कलम म्हणतं की जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. तिसरं कलम म्हणतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण असेल वा उपासना असेल, तर त्यात भाग घ्यायची सक्ती कुणावर करता येणार नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती हवी.

हे सांगितलं की गावात पहिला प्रश्न येतो, आणि तो तुमच्याकडेही येईल, म्हणून आधीच तयारी ठेवा. "मग कॉन्व्हेंटमध्ये चालतं ते? मदरशात चालतं ते?" उत्तर असं की नियम धर्म बघून बदलत नाही, पैसा कुणाचा आहे ते बघून बदलतो. ट्रस्टची शाळा असेल, मग ती मिशनची असो, मठाची असो की वक्फची, तिला तिसरं कलम लागतं: उपासना ठेवा, पण संमतीशिवाय कुणाला बसवू नका. जिल्हा परिषदेची शाळा सगळ्यांच्या करातून चालते, म्हणून तिच्यावर पहिल्या कलमाचं बंधन जास्तीचं. त्या टेम्पोवाल्या वडिलांनी डिझेलवर भरलेला करही त्यात आहे.

७ डिसेंबर १९४८ला संविधान सभेत याच तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी जी कारणं दिली, ती वाचताना मला नेहमी आपली दोनशिक्षकी शाळाच दिसते. एक तर, कराचा पैसा एखाद्या विशिष्ट धर्मासाठी वापरायचा नाही हे सभेने आधीच मान्य केलेलं होतं. दुसरं, देशात धर्म आणि पंथ इतके, की एकाचं शिकवलं तर सगळ्यांचं शिकवावं लागेल आणि ते कुठल्याच शाळेला झेपणार नाही. तिसरं कारण जरा कडू आहे: आमचाच मार्ग खरा असं प्रत्येक धर्म सांगतो, आणि ते सरकारी वर्गात सुरू झालं तर मुलं एकमेकांपासून तुटतील. दुसऱ्या कारणाकडे जरा बघा. दोन शिक्षक, चार इयत्ता, पोषण आहाराच्या नोंदी, शिवाय ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच. त्यात तुम्ही कोणकोणत्या आरत्यांचं वेळापत्रक बसवणार?

अध्यक्ष म्हणतात, एका घरासाठी गावाने रीत मोडायची का. त्यांना एक जुनी गोष्ट सांगा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत हेच दुसऱ्या बाजूने घडलं होतं. तेव्हा अल्पसंख्य आपण नव्हतो, पण सत्तेजवळ मिशनरी होते. १८३९ला डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि पालकांनी भराभर मुलं काढून घेतली. १८४३ला श्रीपत शेषाद्री नावाचा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे गेला. वडिलांनी कोर्टातून त्याला परत आणला, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचे शिव्याशाप झेलले. त्या काळच्या हिंदू आणि पारशी बापांची मागणी काय होती? शाळेत माझ्या मुलाला इंग्रजी शिकवा, गणित शिकवा, त्याच्या देवाला हात लावू नका. १८५४च्या वूडच्या खलित्यात सरकारी शाळांनी धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावं हे धोरण आलं, त्यामागे अशा बापांची भीती होती. म्हणजे हा नियम दिल्लीतल्या कुणी आपल्यावर लादलेला नाही. आपल्याच खापरपणजोबांनी तो मागून घेतलेला आहे. तुमच्याकडे आलेला बाप त्याच रांगेत उभा आहे, फक्त या वेळी फाटकाच्या आतल्या बाजूला आपण आहोत.

गुरुजींचं "सरस्वती म्हणजे विद्या" हे म्हणणं मला प्रामाणिक वाटतं, त्यांची चेष्टा करू नका. पण त्यांना विचारा, विद्याच असेल तर नारळ कशाला, हळदकुंकू कशाला, पाच फळं आणि वस्त्रमाळ कशाला? विद्येची पूजा करायची तर पेटीत कुलूपबंद पडलेली वाचनाची पुस्तकं बाहेर काढून मुलांच्या हातात द्या. ज्यांच्या घरी सरस्वती देवी आहे त्यांना तिचं असं नुसत्या विद्येत रूपांतर केलेलं खरं म्हणजे आवडत नाही, आणि ज्यांच्या घरी ती नाही त्यांना ते पटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यातल्या पहिल्या तीन प्रतिज्ञा देवांना न मानण्याच्या, त्यांची पूजा न करण्याच्या आहेत. त्या घरातल्या मुलीला "अगं, ही देवी नाहीच, ही विद्या आहे" असं सांगणं म्हणजे तिच्या आजोबांनी विचार करून सोडलेली गोष्ट तिच्या हातात नाव बदलून ठेवणं.

याच्या उलट बाजूचाही मोह टाळा. काही ठिकाणी सरस्वतीची तसबीर उतरवून तिथे सावित्रीबाईंची लावतात आणि तोच नारळ, तोच हार, तीच उदबत्ती. १८४८ला भिडे वाड्यात मुलींना शिकवायला जाणाऱ्या बाईची आठवण मुलींना वाचायला लावून ठेवावी, धूप दाखवून नाही. तसबीर आहे तर राहू द्या, सावित्रीबाईंचीही लावा. भिंतीवरची तसबीर मुलाकडून काही मागत नाही. ताट मागतं. तुमची लढाई ताटाशी आहे, खिळ्याशी नको. यावर माझ्याशी भांडणारे मित्र आहेत, ते म्हणतात सरकारी भिंतीवर काहीच नको. तत्त्वाने त्यांचं बरोबर असेल. पण महिन्याभरात दोन आघाड्या उघडल्या तर दोन्हीकडे हराल, आणि त्या मुलीच्या हातात ताट राहीलच.

कोर्टाने काय म्हटलंय हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बैठकीत कुणीतरी वकिली करणारच, म्हणून थोडक्यात. १९८५ला केरळात तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली मुलं. राष्ट्रगीताला अदबीने उभी राहायची पण पंथाच्या श्रद्धेमुळे गायची नाहीत. १९८६ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत हे, मग आरतीचं काय ते बघा. दुसरं आपल्याकडचंच: नाशिकचे एक शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नसत म्हणून त्यांची वाढीव वेतनश्रेणी अडवली गेली, २०१३ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही. पण एक खरं सांगते. शाळेतली प्रार्थना म्हणजे धार्मिक शिक्षण का, यावर सगळं लख्ख नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेवर याचिका झाली, आणि जानेवारी २०१९मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाला तो प्रश्न मोठ्या पीठापुढे पाठवण्याजोगा वाटला. त्यामुळे "कोर्टाने सगळ्या प्रार्थनांवर बंदी घातलीय" असं बैठकीत ठोकून देऊ नका. कुणीतरी मोबाइल काढून तुम्हाला खोटं पाडेल आणि मग खरंही कुणी ऐकणार नाही.

तुमच्या मनात दुसरी एक धास्ती असेल, ती बोलून दाखवते. धर्म शाळेबाहेर म्हणजे तुकाराम शाळेबाहेर, दिवाळीचा धडा शाळेबाहेर, शिरखुर्म्याची गोष्टही शाळेबाहेर, असं होणार का? अजिबात नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण असा फरक केला होता. गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१च्या डीएव्ही कॉलेज प्रकरणात म्हटलं. २००२च्या अरुणा रॉय खटल्यातही अभ्यासक्रमात सगळ्या धर्मांची ओळख करून द्यायला कोर्टाने हरकत घेतली नाही. अभंगाचा अर्थ सांगा, चाल लावून म्हणा, नाताळचा तारा कागदाचा करा. मुलाने एखाद्या धर्माबद्दल जाणलं तर त्याचं काही जात नाही. मुलाकडून तो धर्म पाळून घेतला तर जातं. तुम्ही रोज शिकवता, ही रेघ तुम्हाला वर्गात डोळे मिटूनही सापडेल.

परिपाठात पसायदान असेल. त्याबद्दल तुम्ही विचारणार म्हणून सांगते, माझंच मन त्यावर दुहेरी आहे. १२९०च्या ज्ञानेश्वरीचा तो शेवट, मागणं सगळ्या जगासाठी, आणि मला ते तोंडपाठ असल्याचा अभिमान आहे. तरी ते देवाकडेच मागितलेलं आहे, हेही खरं. मी असते तर भाषेच्या तासाला मन लावून शिकवलं असतं, परिपाठात ठेवलं असतं तर "हात जोडा, डोळे मिटा" ही सूचना काढून टाकली असती. नुसतं उभं राहून म्हणा, किंवा ऐका. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष यांतच तुमचा परिपाठ भरतो. आणखी दहा मिनिटं काढून आरती बसवायची तर पहिलीची मुलं उन्हात उभी राहणार, ते वेगळंच.

दसऱ्याचं काय करायचं? रद्द करू नका. पूजा शाळेतून काढा, दसरा राहू द्या. आदल्या दिवशी मुलांना पाट्या धुवायला लावा, कोळसा आणि पाल्याने घासून काळ्याकुळकुळीत करायला लावा; आमच्या लहानपणी त्यातच अर्धी मजा होती. आपट्याची पानं आणा, झाड ओळखायला लावा, पान मधे दुमडून बघायला लावा. आणि एक तास असा ठेवा, "आमच्या घरी दसऱ्याला काय करतात." कुणी सांगेल शस्त्रपूजा, कुणी ट्रॅक्टरला हार, कुणी देवीचे घट उठतात म्हणेल. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवसही विजयादशमीचाच होता, म्हणून काही घरांतून अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला जातात, निळे झेंडे असतात, रात्रभर एसटी भरून लोक नागपूरला येतात. हे तुम्ही सांगा, तुमच्या तोंडून, दिनविशेष म्हणून. त्या मुलीला उभं करून "तू सांग गं तुमच्यातलं" असं चुकूनही म्हणू नका. एकच दिवस, एकच वर्ग आणि घराघरांत वेगळा दसरा, हे मुलांना कळलं की बास. तिला सांगावंसं वाटलं तर ती आपणहून हात वर करेल. नाही केला तरी काही बिघडत नाही.

आता बैठक. दोन गोष्टी जिवापाड जपा. त्या वडिलांचं नाव कुणाला सांगू नका, आणि त्यांच्याकडून लेखी हरकत मागू नका. "एक तक्रार आलीय" असंसुद्धा म्हणू नका. ३७च्या पटात ती कुणाची हे गाव दहा मिनिटांत शोधून काढतं. निर्णय तुमचा म्हणून मांडा, नियमावरून मांडा. त्याआधी केंद्रप्रमुखांना भेटा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना देणगी व तिच्या अटीबद्दल दोन ओळींचं पत्र देऊन मार्गदर्शन मागा, पोच घ्या. ती पोच फाइलला लावली की रात्री झोप लागते. समितीत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१प्रमाणे तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा तिथल्या आया काय म्हणतात ते आधी चहाच्या निमित्ताने ऐका. माझा अनुभव असा की पुरुष मंदिराबद्दल बोलतात आणि बायका विचारतात, "मुलींच्या संडासाला पाणी कधी येणार?" त्या प्रश्नाला बैठकीत जागा करून द्या.

आणि कुणी मूल उद्या कुठल्याही प्रार्थनेला हात न जोडता उभं राहिलं, तर गुरुजींनी त्याला टोमणा मारायचा नाही, हे त्यांना एकटं गाठून सांगा. त्याच कायद्याचं कलम १७ मारण्याइतकंच मानसिक छळालाही मनाई करतं.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. देणगीदार रुसतील. दोन-चार घरं पोरं काढून इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसवतील अशी धमकी येईल. एखादं खरंच बसवेल. तुमच्या बदलीची चर्चा पारावर होईल. तुम्ही गुरुवार करता हे या वेळी उपयोगी पडेल, ते लपवू नका. जी बाई घरी पोथी वाचते तीच शाळेत आरती नको म्हणते, हे गावाला आधी चक्रावून टाकतं आणि मग ऐकायला लावतं. मी देवाला नाही म्हणतेय असं तुम्हाला वाटायचं कारण नाही. तुमचा देव तुम्हाला तिसरीतल्या मुलीच्या भीतीवर नैवेद्य दाखवायला सांगत असेल, असं मला तरी वाटत नाही. असो, हे तुमचं तुम्ही आणि तुमचा गुरुवार बघून घ्या.

देणगीदारांना मात्र फोनवर सांगू नका. फोनवर माणूस आधी रागावतो, पत्र दोनदा वाचतो. त्यांना शाळेबद्दल माया आहे, आईची आठवण ठेवायची आहे, दोन्ही चांगलं आहे. त्यांना दुसरं दार दाखवा. मसुदा देते, तुमच्या भाषेत बदलून घ्या:

"आपण आपल्या आईंच्या स्मरणार्थ शाळेला मदत करू इच्छिता याचा सर्वांना आनंद आहे. शाळेची जागा सार्वजनिक असल्याने तिथे मंदिर बांधण्याची परवानगी आम्हाला देता येत नाही, आणि शासकीय शाळेत रोजची आरती ठेवणे नियमात बसत नाही. आपल्या आई याच गावच्या. त्या शाळेत गेल्या नसतील तर त्यांच्या नावाने मुलींसाठी पाण्याची टाकी आणि नळजोडणी व्हावी, किंवा एका खोलीत वाचनालय व्हावे, अशी आमची विनंती आहे. दारावर त्यांचे नाव मराठीत, मोठ्या अक्षरांत लावू. उद्घाटनाला आपण यावे. त्या दिवशी मुले आपल्याला गोष्टी वाचून दाखवतील."

रक्कम समितीच्या खात्यावर, पावतीवर घ्यायची. आणि पत्राखाली तुमची एकटीची सही नको. अध्यक्षांचीही घ्या, टाळ्या त्यांनीही वाजवल्या होत्या.

तुमची,
ताई